सुटली म्हणा

"काटाच हाय गो, काटा," असं म्हणून बळीरामने बोट तोंडात घातलं आणि तो चोखायला लागला.

शकूच्या हातातली पाटी खाली पडली, वालाच्या शेंगा अंगणभर झाल्या. बळीरामने पेंढ्याच्या उडवीत हात घालून पेंढी ओढली तेव्हा ती ओट्यावरून पाहतच होती. त्याने हात ज्या तऱ्हेने झटकला, तसा काट्याने कोणी झटकत नाही.

"बोट काढा आदी तोंडातून. दाखवा मला."

"दाखवायचंय काय त्यात? बाभळीच्या काट्या मीच लावल्यात ना भवताली? त्यातलाच एक."

उडवीभोवती काट्या होत्या हे खरं. नेरे गावातली मोकाट गुरं पेंढा ओढून नासधूस करतात, म्हणून भात झोडून झालं की तो दरवर्षी असं कुंपण करी. पण पौषातल्या थंडीत उबेला पेंढ्यात फुरसं येऊन बसतं, हेही तितकंच खरं. हातभर लांबीचा विषारी साप, पेंढ्याच्याच रंगाचा. शकूने त्याचं बोट धरून उन्हात नेलं. एक लाल ठिपका स्पष्ट होता. शेजारी दुसरा ठिपका होता की कोयत्याचा जुना ओरखडा, ते तिला काही केल्या कळेना.

"मी निकेशला फोन लावते."

"शके! कोनाला एक शब्द सांगशील तर माज्या गळ्याची शपथ हाय तुला."

झालं. शकूचा हात कमरेच्या मोबाइलवर तसाच राहिला.

गळ्याची शपथ मोडली तर ज्याच्या गळ्याची असेल त्याचा जीव जातो, हे ती परकर नेसायची तेव्हापासून ऐकत आली होती आणि तिचा त्यावर पूर्ण विश्वास होता. शपथ सुटायला वाट एकच, ज्याने घातली त्यानेच 'सुटली' म्हणायचं. आणि बळीरामच्या तोंडून हवा तो शब्द काढण्यापेक्षा विहिरीत पडलेला पोहरा काढणं सोपं होतं.

त्याने शपथ का घातली, तेही तिला ठाऊक होतं. पावसाळ्यात तो गोठ्याच्या दारात घसरून पडला होता. तेव्हा निकेश उलव्याहून धावत आला आणि निक्षून सांगून गेला, "आता आणखी काही झालं ना बाबा, तर मी विचारत बसणार नाही. गाय द्यायची, घराला कुलूप लावायचं आणि फ्लॅटवर यायचं." पोरगा वाईट नव्हता. आईबाप एकटे राहतात म्हणून त्याला झोप लागत नसे. पण बळीरामने तेव्हापासून साधी शिंक आली तरी दाबायला सुरुवात केली होती.

"मंग पाला खा," शकू म्हणाली. "कडुलिंबाचा. नायतर मी शपथबिपथ जानत नाय."

हे ती नुसतंच म्हणाली, पण बळीराम कबूल झाला. पाल्याची परीक्षा त्यांच्या गावात सगळेच मानत. कडू लागला तर विष नाही, बेचव लागला तर अंगात चढलं. शकूने परसातली डहाळी ओरबाडली आणि मूठभर पाला त्याच्या हातावर ठेवला.

आता बळीरामचं आणि कडू चवीचं जन्माचं वाकडं. ताटात कारल्याची फोड दिसली तरी हा माणूस डोळे गच्च मिटायचा, ओठ कानापर्यंत न्यायचा, त्याचं अंग शहारायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी शकू ते पाहून पदरात तोंड खुपसून हसली होती, आणि अजूनही कधीमधी नुसत्या त्या तोंडासाठी बाजारातून कारली आणायची.

बळीरामने मूठभर पाला तोंडात कोंबला. चावला, गिळला. पानाचा विडा खावा तसा.

"कडू जहर हाय गो," तो म्हणाला. "बास? झालं समाधान?"

त्याच्या तोंडावरची एक सुरकुती हलली नव्हती.

 शकू वाकून शेंगा वेचायला लागली, कारण तिला त्याच्याकडे बघवेना. तो खोटं बोलत होता. पाल्यावर त्याचाही तिच्याइतकाच भरवसा, म्हणजे विष चढलंय हे त्याला कळलं होतं, आणि कळूनसुद्धा तो म्हणत होता, कडू हाय. उलव्याला जाण्यापेक्षा त्याला आपल्या अंगणात मरायचं होतं. असा राग आला तिला त्याचा, आणि रागापेक्षा भीती मोठी. सांगावं तर शपथेने मरणार, न सांगावं तर विषाने मरणार. वेचलेल्या शेंगा तिच्या हातातून पुन्हा पुन्हा सांडत होत्या.

बळीराम गोठ्यात गेला. बुधी गाय त्याचा हात चाटायला पुढे आली, तशी त्याने तो हात टॉवेलात गुंडाळला. शकू दारात उभी राहून बघत होती. टॉवेल सुटला तेव्हा तिला बोट दिसलं नाही, नुसता सुजलेला पंजा दिसला. तो बाजूला थुंकला. थुंकी लाल होती, आणि पान त्याने सकाळपासून खाल्लं नव्हतं.

त्यानंतर शकूने विचार केला नाही. ती अनवाणी धावत सुटली.

शेजारच्या वाडीत जेरुशाबाई राहायच्या. बँकेतून निवृत्त होऊन एकट्या इथे येऊन राहिल्या होत्या. लेक मोरान तिकडे इस्रायलला. त्यांच्याकडे छोटी गाडी होती, पण बाई ज्यू, आणि आज शनिवार, त्यांच्या शब्बाथचा, म्हणजे विसाव्याचा दिवस. शनिवारी बाईंची चूल पेटत नाही, गाडी फाटकाबाहेर निघत नाही, हे सगळ्या आळीला माहीत. शकू फाटकाशी येऊन थबकली. तोंड उघडलं की शपथ मोडणार होती. फाटकाची कडी वाजली तशा बाई बाहेर आल्या.

"काय झालं शकू?"

"फुरसं," शकू म्हणाली. "त्यांना. म्हंजे मी काय बी सांगितलं नाय बाई... पन फुरसं." आणि मग रडूच फुटलं. "आज तुमचा शनवार."

"शब्बाथचं देवाला मी सांगेन," असं म्हणत बाईंनी आत जाऊन किल्ली आणली. "जिवापुढे सगळं माफ आहे. चल."

बळीरामला दोघींनी मिळून गाडीत कोंबलं. पाय आपटायचंही बळ त्याच्यात उरलं नव्हतं. शकूकडे त्याने एकदाच पाहिलं आणि मान खिडकीकडे फिरवली. पनवेलचा रस्ता, डंपरची रांग, डोक्यावरून उतरणारं विमान, यातलं शकूला काही दिसत नव्हतं. तिने त्याचा चांगला हात घट्ट धरला होता.

"सुटली म्हना. अवो, एकदा सुटली म्हना. पाया पडते तुमच्या."

बळीराम ओठ मिटून बसला. फटीतून रक्ताची रेघ हनुवटीवर आली. शकूने पदराने ती पुसली आणि पुन्हा म्हणाली, सुटली म्हना. जेरुशाबाईंना काही उमजत नव्हतं, तरी त्याही म्हणाल्या, "अहो बळीराम, म्हणा ना ती म्हणते ते!"

त्याने मान पुन्हा खिडकीकडे फिरवली.

दवाखान्यात सलाइन लागलं, विषावरचं औषध सुरू झालं. पाल्याचं ऐकून डॉक्टरीण चिडली. "पाल्याने काहीसुद्धा कळत नाही, मावशी. कडू लागला म्हणून घरी बसून राहणारी माणसं मी पाहिली आहेत. आणखी उशीर केला असता तर अवघड होतं." शकूने मान हलवली, पण ऐकत होती ती फक्त त्याचा श्वास. निकेश आला, बापाच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला, आणि मग डोळे पुसून म्हणाला, "आता बस झालं."

बळीराम वाचला. बुधी जेरुशाबाईंच्या वाडीत गेली, घराला कुलूप लागलं. उभा वाल जो तोडेल त्याचा झाला. उलव्याच्या फ्लॅटमध्ये बळीराम दिवसभर बाल्कनीत बसायचा आणि समोरच्या अर्धवट इमारतींकडे बघायचा. रंजिताशी, म्हणजे सुनेशी, दोन शब्द बोलायचा. शकूशी एकही नाही. शकूला त्या अबोल्याचं दुःख होतं, पण भीती वेगळीच होती. मोडलेली शपथ अजून सुटली नव्हती. तो खोकला की ती स्वयंपाकघरातून धावायची. झोपला की नाकाशी हात धरून बघायची. डॉक्टर बरा झाला म्हणत असले, तरी शपथेचं औषध डॉक्टरांकडे थोडंच असतं?

एका दुपारी रंजिताने कारल्याची भाजी केली. तिला बिचारीला काय ठाऊक! शकू ताट बदलायला उठणार, तोवर बळीरामने घास घेतला होता.

त्याचे डोळे गच्च मिटले. ओठ कानापर्यंत गेले. सगळं अंग शहारलं.

"बाबा, पाणी देऊ?" रंजिता घाबरून म्हणाली.

शकूला हसू आलं आणि त्याच्यामागून हुंदका. तिने पदर तोंडात कोंबला. बळीराम पाणी प्यायला आणि त्याने तांब्या खाली ठेवला.

"तवा काय बी लागलं नव्हतं गो," तो म्हणाला. "पेंढा चावल्यासारकं."

"माहीत हाय मला."

त्याने कारल्याच्या फोडी उचलून एकेक करून शकूच्या ताटात टाकल्या, घरी टाकायचा तशा. मग तिच्याकडे न बघताच म्हणाला,

"सुटली."