दहा-दहा मिनिटांनी

डॉक्टरीणबाईंनी तिसरा फॉर्म टराटरा फाडला आणि टोपलीत भिरकावला. शवागारातल्या मदतनीसाने कपाटातून चौथा काढून त्यांच्यापुढे सरकवला.

“मॅडम, लिहून टाका ना, हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू.”

“हृदय बंद न पडता मेलाय का कुणी आजवर? ते कारण नव्हे. ती मेल्याची खूण झाली.”

सकाळपासून हे त्याने दोनदा ऐकलं होतं.

ज्याचा फॉर्म भरायचा होता, त्या माणसाने मात्र अगदी वीट आणला होता. निवृत्त मास्तर, साठी ओलांडलेले, क्लबच्या सॉनात घाम काढायला एकटेच बसलेले. लाकडी खोली, तापलेले दगड आणि दारावर ‘एकट्याने बसू नये’ अशी ठळक पाटी. पाटी वाचतो कोण! तासाभराने रखवालदाराला सापडले. हृदयाची एक नळी अरुंद झालेली, पण ते दुखणं जुनं. ताजी गुठळी कुठेच नाही. अंग भयंकर तापलेलं, पण अशा भट्टीत पडलेलं अंग तापणारच, मेल्यावरसुद्धा. झटक्यात गेले असतील, तर कुणी काहीच करू शकलं नसतं. उष्णतेने हळूहळू गेले असतील, तर नुसतं दार उघडायला एक माणूस पुरला असता. यातलं काय झालं, ते शरीर सांगायला तयार नव्हतं.

मास्तरांची बायको सकाळपासून बाहेर बसून होती. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिलाच आत बोलावलं.

“जबाबात तुम्ही म्हणालात, परवा तुम्ही क्लबात नव्हता.”

“हो.”

“एरवी जायचात?”

“जायचे ना. एकटे बसू नका म्हटलं, तर ऐकतील तर शपथ! मग मी बाहेर बाकावर विणत बसायचे. दर दहा मिनिटांनी दार वाजवायचं. त्यांनी आतून दोनदा ठोकायचं. दोनदा म्हणजे सगळं ठीक. अख्ख्या संसारात तेवढं एकच ऐकलं त्यांनी माझं.”

तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला.

“झटक्यात गेले का हो ते?”

“सांगता येत नाही.”

“एवढं चिरून पाहिलंत, तरी?”

डॉक्टरीणबाईंचा पारा चढला. “हो, तरी! नाही कळत. बाहेर कुणी असतं, आतली शेवटची चाहूल कुणी ऐकली असती, तर कळलं असतं. दोन दिवस डोकं फोडून घेतेय मी!”

बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो घेतला नाही.

“मी होते,” ती म्हणाली.

मदतनीसाचा फडका टेबलावर थांबला.

“घरूनच भांडत निघालो होतो. चष्म्यावरून. माझा चष्मा तूच कुठेतरी ठेवलास, म्हणून. दहा मिनिटांनी मी दार वाजवलं. आतून एकदाच ठोकलं त्यांनी. दुसऱ्या ठोक्यासाठी मी थांबले जरा. नाही आला. म्हटलं, फुगलेत, म्हणून अर्धंच उत्तर. आणखी दहा मिनिटांनी पुन्हा वाजवलं. मग तर काहीच नाही. म्हटलं, बसा फुगून! विणकाम गुंडाळलं आणि घरी आले.”

डॉक्टरीणबाईंनी मनाशी हिशेब मांडला. दहा मिनिटांनी जिवंत होते. दुसऱ्यांदा ठोकण्याइतकी ताकद नव्हती. दोन दिवस हवा होता तो धागा असा हातात आला होता.

तिने डोळे पुसले आणि फॉर्मकडे बोट दाखवलं.

“आता लिहिता येईल ना तुम्हाला?”

डॉक्टरीणबाईंनी पेनचं टोपण काढलं. चौथा फॉर्म अजून कोराच होता. तोही फाडून टाकावा, असं त्यांना वाटलं.