दाराबाहेरची शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी कोळशाची शेगडी. हनोईतल्या एका अरुंद बोळात माझा जन्म गेला, आणि आधीच सांगून टाकते, मला स्वतःचीच किळस येते.

पत्र्याचा डबा, आतून मातीचा लेप आणि वर तारेची कडी, एवढीच मी. माझ्या पोटात भोकाभोकांची गोल कोळशाची वडी बसते. एक विझत आली की तिच्यावर दुसरी. थोआ आजी माझ्यावर खेकड्याचा रस्सा उकळायच्या आणि शेवयांवर ओतून विकायच्या. गिऱ्हाइकं बोटं चाटत आजींच्या हाताची तारीफ करायची. माझं नाव कुणी घेत नसे, तरी मीच मनातल्या मनात फुगायचे.

पण मला पेटवायची तऱ्हा ऐका. ढलप्या कोण शोधत बसणार? फाटकी चप्पल, प्लास्टिकची पिशवी, जे हाती लागेल ते माझ्या तोंडात कोंबायचं. शी! काय तो काळा, तेलकट धूर! आणि तो आपल्या घरात नको, म्हणून आजी मला उचलून समोर चहा विकणाऱ्या तुएत काकूंच्या दाराशी ठेवायच्या. तुएत काकू त्यांची शेगडी आणून आजींच्या दाराशी ठेवायच्या. अख्ख्या बोळाची हीच रीत, त्यामुळे भांडायला कुणाला तोंडच नव्हतं. सगळे मिळून खोकायचे आणि शिव्या घालायचे त्या मोटारसायकलींना, नाहीतर गावाबाहेर भाताचा पेंढा जाळणाऱ्यांना. त्यांचंही पाप होतंच, नाही असं नाही. थंडीत दुपारीसुद्धा ऊन पिवळट, मळकं दिसायचं. पण माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही.

आजींची नात दिएप आईबापांविना त्यांच्याकडेच वाढत होती. त्या थंडीत तिची छाती भात्यासारखी वाजू लागली. चार पावलं चालली की पोर खाली बसायची. शेवटी आजी तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. परत आल्यावर माझ्यावर हात शेकत त्यांनी तुएत काकूंना सगळं सांगितलं.

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कोळसा पेटवता का? मी म्हटलं, घरात? छे हो, आम्ही दाराबाहेर पेटवतो."

"बरोबर बोललीस, ताई. मग?"

"मग काय, कपाळावर हात मारला त्यांनी. म्हणाल्या, तो धूर थांबवा, नाहीतर पोरीची छाती कायमची जाईल."

आजी घाबरल्या आणि त्यांनी विजेची शेगडी आणली. शहाण्यासारखं वागल्या हो. मला वाटलं, सुटले, आता मला भंगारात टाकतील. पण धडधाकट वस्तू टाकायला आजींचा हात होईना. त्यांनी मला घासलं, नवी कडी बसवली आणि तुएत काकूंना देऊन टाकलं. काकूंची शेगडी फुटायलाच आली होती. त्यांनी बदल्यात चहाची पुडी दिली. दोघी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी माझ्या तोंडात रबरी चपलेचा तुकडा कोंबला, पेटवला, आणि रीतीप्रमाणे मला उचलून समोरच्या दाराशी नेऊन ठेवलं. म्हणजे थोआ आजींच्याच दाराशी, दिएपच्या खिडकीखाली.

खोकत खोकत दिएप खिडकीत आली. तिने मला लगेच ओळखलं.

"आजी, ही आपलीच शेगडी ना?"

"आता आपली नाही, बाळा," आजी म्हणाल्या. "आता ती तुएत काकूंची."

आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

मित्रांनो, त्या खिडकीला खाली फट आहे. मी धूर होऊन तिथून आत गेले. आत पोर खोकत होती, ते मला ऐकू येत होतं.

इतर वस्तू तुम्हाला सांगत असतील, आम्हाला जपा. मी म्हणते, मला जपू नका. मला दुरुस्त करू नका, आणि कुणाला देऊन पुण्य तर मुळीच घेऊ नका. हातोडा आणा आणि मला फोडा.