ब्याण्णव अंशांवर

मिशनच्या दवाखान्याची जीप कोल्हारला यशया भालेरावच्या गॅरेजात ओढून आणली, तेव्हा तिच्या पंख्याचं एक पातं तुटून बॉनेटमध्ये घुसलं होतं. असं तिसऱ्यांदा झालं होतं. आधी दोनदा यशयाने पातं वेल्डिंग करून बसवलं, पण पंख्याचा तोल गेला तो गेलाच. इतक्या जुन्या इंजिनाला बसेल असा पंखा नगरला मिळाला नाही, मनमाडलाही नाही.

त्र्याहत्तर सालचा एप्रिल होता. दुष्काळी कामांवर हजारो माणसं खडी फोडत होती. दया सिस्टर रोज जीपमधून औषधं घेऊन तिकडे जायची. ड्रायव्हर जॉर्ज. जीप बंद म्हणजे सिस्टरचं काम बंद.

चार दिवसांनी यशया नगरच्या भंगारबाजारातून एक विजेचा पंखा घेऊन आला. अपघातात चेपलेल्या कुठल्याशा परदेशी मोटारीचा होता तो. त्याच्यासोबत अंगठ्याएवढा एक पितळी स्विच होता.

"ह्यो रेडिएटरच्या पाण्यात बुडून बसतो," यशयाने जॉर्जला सांगितलं. "पानी तापलं की पंखा चालू, निवलं की बंद. आपन हात लावायचा न्हाई."

"आन् न्हाई लागला तर?" जॉर्ज म्हणाला. "मला डॅशबोर्डवर साधं बटन द्या, यशयाभाऊ. तापाचा काटा वर गेला की मीच दाबीन."

"तू रस्ता बघशील का काटा?"

जॉर्जला ते पटलं नाही, पण गॅरेज यशयाचं होतं.

स्विच किती तापल्यावर लागतो ते आधी बघायला हवं होतं. सिस्टरने आपला थर्मामीटर काढून दिला. यशयाने तो डोळ्यांजवळ नेऊन परत केला. "सिस्टर, हितं ताप एकशेआठाच्या वर जातच न्हाई. आमच्या इंजिनाचा ताप लई मोठा असतो." मग तिने हायस्कुलाच्या प्रयोगशाळेतून उकळत्या पाण्याचं तापमान मोजणारा लांब काचेचा थर्मामीटर मागून आणला. स्टोव्हवर पातेलं ठेवून यशयाने स्विचचं टोक पाण्यात धरलं आणि वायरीला एक बल्ब जोडला. ब्याण्णव अंश सेल्सिअसवर बल्ब पेटला. पातेलं खाली उतरवल्यावर सत्त्याऐंशीला विझला. त्याने तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

रेडिएटरच्या टाकीला भोक पाडून, स्विचच्या आट्यांचा पितळी नट कथलाचा डाक देऊन बसवायला एक दिवस गेला. संध्याकाळी जीप जागेवर चालू ठेवली. वीसेक मिनिटांनी पंखा आपोआप घरघरला. सिस्टरने टाळी वाजवली. जॉर्जही हसला.

मात्र दुसऱ्या दिवशी डाक दिलेल्या जागेतून पाणी झिरपताना दिसलं. जीपच्या हादऱ्यांनी डाक सुटत होता. यशयाने तो पुन्हा दिला. हादरे बसू नयेत म्हणून जुन्या टायरचे जाड तुकडे कापून रेडिएटरखाली आणि बोल्टांभोवती घातले आणि जीप देऊन टाकली. पंखा लागतो का हे त्याने पुन्हा पाहिलं नाही. काल पाहिलं होतंच.

पाच दिवस काही झालं नाही. सकाळच्या गारव्यात, सपाट रस्त्यावर पंख्याची गरजच पडली नाही.

सहाव्या दिवशी राहुरीकडच्या एका खडीच्या कामावर लंकाबाई नावाच्या बाईच्या पायावर दगड घरंगळला. पाऊल चेचलं होतं. सिस्टरने वर घट्ट पट्टी बांधली आणि म्हणाली, "नगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं. आत्ताच." लंकाबाईला मागच्या बाकावर आडवं केलं. तिची सासू गोजरबाई डोकं मांडीवर घेऊन बसली.

दुपारी दीडला जीप विळद घाटाला लागली. दुसऱ्या गिअरमध्ये, वारा मागून. काटा वर सरकू लागला. जॉर्जने कान दिला. पंख्याचा आवाज नव्हता. काटा तांबड्या रेघेला टेकला तसा त्याने इंजिन बंद केलं.

"काय झालं?" सिस्टरने विचारलं.

"पंखा लागला न्हाई."

"गाडी का हुबी केली रं?" मागून गोजरबाई ओरडली. "पोर गळाठली माझी!"

जॉर्ज खाली उतरला. यशयाला दोन शिव्या घालून त्याने बॉनेट उघडलं. त्याला स्विचमधलं काही कळत नव्हतं. पण दिव्यांचं कळत होतं. दिवा लागला नाही की आधी अर्थिंग बघायचं, म्हणजे वीज गाडीच्या लोखंडातून परत जाते का ते, हे तो वीस वर्षं करत आला होता. त्याने स्विचवरची वायर उपसून जीपच्या चासीला, खालच्या लोखंडी सांगाड्याला, टेकवली. पंखा सुरू झाला. म्हणजे पंखा चांगला होता. वायर परत स्विचवर लावली. पंखा बंद. मग त्याची नजर टायरच्या तुकड्यांवर गेली. रेडिएटर चहूबाजूंनी रबरावर बसला होता. लोखंडाला तो कुठेच टेकत नव्हता, म्हणजे स्विचला अर्थिंग मिळतच नव्हतं.

"सिस्टर, एखादी तार हाय का? कसलीबी."

सिस्टरने औषधाच्या खोक्याला बांधलेली तार सोडून दिली. जॉर्जने पान्ह्याने चासीवरचा रंग खरवडला, तारेचं एक टोक तिथे बोल्टाखाली आवळलं आणि दुसरं रेडिएटरच्या पट्टीला टेकवलं. ठिणगी उडाली आणि पंखा घरघरला. त्याने ते टोक तिथेच घट्ट बांधलं. पाण्याचं तापमान उतरेपर्यंत ते थांबले. बारा मिनिटं गेली. सिस्टर घड्याळाकडे पाहत होती.

अडीचच्या आधी लंकाबाई ऑपरेशनच्या टेबलावर होती. दोन बोटं काढावी लागली. पाऊल वाचलं.

जॉर्जने परत येऊन यशयाला सगळं सांगितलं. यशयाने रबराचे तुकडे पाहिले, बांधलेली तार पाहिली.

"चूक माझी हाय," तो म्हणाला. "तुझी न्हाई, स्विचचीबी न्हाई."

त्याने जाड विणलेली वायर आणून दोन्ही टोकं पक्की बसवली, आणि या वेळी इंजिन तापवून पंखा लागेपर्यंत जीपपाशी उभा राहिला.

रविवारी प्रार्थनेनंतर तो एसटीने नगरला गेला. बायकांच्या वॉर्डात लंकाबाई उशीला टेकून बसली होती. त्याने आपण कोण ते सांगितलं. "घाटात गाडी थांबली ती माझ्यामुळं," तो म्हणाला.

"थांबली हुती व्हय?" लंकाबाईने विचारलं. "मला तर वाटलं, दवाखाना आला."

गोजरबाईने त्याला बसायला स्टूल दिलं. थोडा वेळ तो बसला. मग खडीचं काम कधीपर्यंत चालणार आहे, यावर तिघंही बोलत राहिले.