विमानतळाच्या फाट्यावरची ट्रॉली

मित्रांनो, आज मला चाके नाहीत. कल्याणात मारुती मुकादमाच्या अंगणात चार विटांवर ठेवलेल्या माझ्या फळ्या पाहून तुम्ही म्हणाल, ही कोणाची तरी जुनी बाज दिसते. पण मी बाज नाही. मी रेल्वेची ढकलट्रॉली आहे, आणि एके काळी मी विमानातून उतरलेल्या माणसांना घरी पोचवत असे.

माझा जन्म दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतला. रेल्वेच्या कारखान्यात सागाच्या फळ्या घेतल्या, खाली दोन आस आणि चार लोखंडी चाके बसवली, एका अंगाला हाताने दाबायचा ब्रेक लावला आणि मागे लाल निशाण खोचायला एक नळी ठोकली. एवढेच माझे शरीर. मला इंजिन नाही. दोन माणसे अनवाणी पायांनी रुळावरून धावत मला ढकलतात आणि वेग आला की उडी मारून वर बसतात. रूळ असतो चार बोटे रुंद. त्याच्यावरून धावणे शिकायला वर्ष लागते आणि शिकताना नडगी फुटते ती वेगळीच.

तेव्हा कल्याणबाहेरच्या माळावर विमानांची धावपट्टी केली होती. ज्यांची शेते त्यात गेली त्यांचे दुःख मोठे आहे, ते त्यांनीच सांगावे. त्या धावपट्टीपर्यंत सामान नेण्यासाठी स्टेशनापासून रुळांचा पाच मैलांचा एक फाटा टाकला. त्या फाट्याची देखभाल करायला मला ठेवले. मारुती माझा मुकादम आणि धोंडीबा त्याचा जोडीदार. दोघेही घाटावरचे. रुळांचे खिळे तपासायचे, बोल्ट आवळायचे, गवत काढायचे आणि काम झाले की मला उचलून बाजूला ठेवून साखळीने कुलूप लावायचे, हा आमचा रोजचा क्रम.

लढाई संपली. मालगाड्या कमी झाल्या, पण विमाने येत राहिली. आठवड्यातून दोन-तीनदा टपालाचे किंवा मालाचे विमान उतरे, आणि त्यात चार माणसेही असत. ही माणसे हजार मैल उडून येत आणि माळावर उतरून उन्हात उभी राहत. गावात जायला रस्ता होता तो फार वळसा घालणारा. बैलगाडी मिळाली तर मिळाली. मारुती त्यांच्याकडे बघे आणि त्याला राहवत नसे.

नियम मात्र कडक होता. रेल्वेच्या माणसाखेरीज कोणालाही ट्रॉलीवर बसवायचे नाही. बसवले आणि कळले, तर नोकरी गेली. म्हणून मारुती त्यांना धावपट्टीच्या कडेला बसवत नसे. बाभळीच्या आडोशापर्यंत चालत यायला सांगे आणि तिथे हळूच बसवी. स्टेशन दिसू लागले की उतरवी. कोणाकडून काही घेत नसे. धोंडीबा म्हणायचा, "मुकादम, आपलं म्हंजे चोराचं काम आन् तेही फुकाट."

कल्याणकडे येताना फाट्याला उतार होता. मारुती ब्रेकवर हात ठेवून बसे आणि मी वाऱ्यासारखी येई. अर्ध्या तासात स्टेशन. फाळणीनंतर छावण्यांत हजारो माणसे येऊन पडली, तेव्हा बर्फात घातलेल्या लशीच्या पेट्या मी आणल्या. पेटी उतरवताना बर्फ तसाच असे. एकदा एक बाळंतीण आणली. एकदा पाय मोडलेला वैमानिक आणला, तो सगळी वाट गाणे म्हणत होता. मित्रांनो, ते दिवस आठवले की माझ्या फळ्या अजून ताठ होतात.

मारुतीचा मुलगा त्र्यंबक लहानपणापासून त्या विमानांच्या मागे. शाळा सुटली की धावपट्टीवर. तिथल्या मिस्त्र्यांनी त्याच्या हातात आधी तेलाचे फडके दिले, मग पाना दिला. पुढे तो आसामात विमानांचा मेकॅनिक म्हणून नोकरीला लागला. कंपनीचे विमान इकडे येणार असले की त्यातूनच तो सुटीवर येई. तीन वेळा मी त्याला आणले. तोही रेल्वेचा माणूस नव्हे. मारुतीने आपल्या मुलालाही बाभळीपाशीच बसवले. धोंडीबाने विचारले, "पोराकडनं तरी तिकीट घ्या की." मारुती हसला नाही. त्याला भीती वाटत होती. ज्याने आयुष्यभर एकच नोकरी केली त्याची भीती काय असते ते तुम्हाला एवढ्यात कळणार नाही.

पन्नास साली रेल्वेचे एक साहेब आले. तरुण होते, अंगावर खाकी कोट आणि हातात वही. ते माझ्यावर बसून धावपट्टीपर्यंत गेले, तिथे बराच वेळ हिंडले आणि परत आले. उतरल्यावर त्यांनी मारुतीला विचारले की या फाट्यावर आता महिन्याला मालाच्या दोन वाघिणीही येत नाहीत, मग आणखी कोणी याचा उपयोग करते का.

मारुतीने हात जोडले. "न्हाय साहेब. कुनी न्हाय. आमीच दोघं, बोल्ट आवळायला."

साहेब लगेच गेले नाहीत. त्यांनी रुमालाने कपाळ पुसले आणि पुन्हा विचारले, या वेळी हळू. "विमानातून उतरलेली माणसं कशी जातात मग? तुझ्या ट्रॉलीवरून कोणी गेलं असेल तर सांग. तुला काही होणार नाही. मला लिहायचं आहे."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्या क्षणी ओरडले असते. ती लस, ती बाळंतीण, तो गाणारा वैमानिक, सगळ्यांची नावे घेतली असती. मारुतीला वाटले हा सापळा आहे. साहेब गोड बोलून कबूल करून घेतील आणि उद्या घरी बसवतील. तो म्हणाला, "देवाशपत साहेब. या फाट्यावर मानूस न्हाय."

धोंडीबानेही मान हलवली आणि वर म्हणाला की इथे भुतेसुद्धा येत नाहीत, त्यांना स्टेशन लांब पडते.

साहेबांनी वही मिटली. त्यांचा चेहरा पडला होता, हे फक्त मी पाहिले. कारण ते दोघेही खाली बघत होते.

वर्षाच्या आत हुकूम आला. फाटा उखडायचा. ज्या हातांनी आठ वर्षे बोल्ट आवळले त्याच हातांनी ते सोडवायचे काम आले. रूळ वाघिणीत भरून गेले. रुळांखालचे स्लीपर गेले. मधली जमीन एका डेपोने घेतली आणि तारेचे कुंपण घातले. माझी चाके आणि आस काढून भंगारात टाकले. फळ्या कोणाला नको होत्या. तेच साहेब आले होते, त्यांच्याकडे मारुतीने माझ्या फळ्या मागितल्या. साहेब म्हणाले, घेऊन जा. मग जाता जाता म्हणाले, "मारुती, मी इथे एक छोटा प्रवासी डबा चालवायचा म्हणून लिहिणार होतो. विमानातून उतरलेल्या माणसाला अर्ध्या तासात स्टेशन, आणि तिथून हवं तिथे. पण माणसंच नाहीत म्हटल्यावर काय लिहू?"

मारुतीने धोंडीबाबरोबर मला खांद्यावर घेतले आणि घरी आणले. वाटेत दोनदा खाली ठेवले. पूर्वी ते मला एका दमात उचलत.

अंगणात मारुतीची बायको आवडाबाई हिने मला धुतले, तेलाचे डाग राखेने घासले आणि चार विटांवर बसवले. मी बाज झाले. तिला माझे वाईट वाटत असावे. दुपारी माझ्यावर बसून धान्य निवडताना ती माझ्या फळीवरून हात फिरवी. म्हणे, हिच्यावर बसूनच माझा त्र्यंबक यायचा.

चौपन्न सालच्या चैत्रात आवडाबाई अंथरुणाला खिळली. पोटात काही तरी होते. डॉक्टरांनी मुंबईला नेऊन पाहिले आणि परत घरी न्यायला सांगितले. घरात उकडते म्हणून तिला अंगणात, माझ्यावर गोधडी घालून निजवले. त्र्यंबकला तार गेली. उलट तार आली, निघालो. कोणत्या विमानाने, कोणत्या दिवशी, ते त्यात नव्हते.

चौथ्या दिवशी ती पाणीसुद्धा नको म्हणू लागली. शेजारची गंगुबाई, धोंडीबाची बायको, तुळशीचे पान ठेवून तिथेच बसली. दुपारचे बारा वाजले असतील. आकाशात घरघर ऐकू आली. विमान आमच्या छपरावरून माळाकडे गेले.

आवडाबाईने डोळे उघडले. दोन दिवसांत ती प्रथमच स्वच्छ बोलली. "अवं, इमान आलं. गंगे, भात टाक."

मित्रांनो, पूर्वी ती असेच करी. मुलगा यायचा असला आणि विमानाचा आवाज आला की तांदूळ चुलीवर. भात शिजून निवायच्या आत मुलगा दारात उभा असे. तिला घड्याळ कळत नव्हते, पण हे गणित कधी चुकले नव्हते. फाटा उखडला आहे हे तिला माहीत होते. पण त्या वेळी ती ते विसरली होती. आणि तिला आठवण करून द्यायला कोणाची जीभ वळेल?

गंगुबाईने भात टाकला. धोंडीबा कोणाची तरी सायकल घेऊन रस्त्याने निघाला. मारुती तिच्या उशाशी बसला. ती मधूनमधून विचारी, बाभळीपाशी आला असंल का? मारुती म्हणे, आला असंल. मग विचारी, आता उतार लागला असंल. मारुती म्हणे, व्हय, लागला असंल.

भात शिजला. गंगुबाईने तो उतरवला. त्याची ऊन वाफ अंगणात आली आणि आवडाबाईने दाराकडे मान वळवली. दारात कोणी नव्हते. तिने पुन्हा काही विचारले नाही. मी तिच्या खाली होते. तिचे सगळे वजन माझ्यावर होते, आणि ते वजन किती थोडे राहिले होते ते मलाच ठाऊक. जिने तिच्या मुलाला अर्ध्या तासात आणून दिले असते ती मी, तिथे विटांवर पडून होते. एक वाजून गेल्यावर तिचा श्वास थांबला.

त्र्यंबक आला तेव्हा सव्वादोन झाले होते. शर्ट घामाने भिजलेला, पँट तारेत अडकून फाटलेली, हातात ट्रंक. विमानातून उतरल्यावर त्याने सवयीची वाट धरली होती. फाट्याच्या मातीच्या बांधावरून तो धावत निघाला होता. फाटा उखडल्यानंतर तो प्रथमच येत होता आणि लहानपणापासून त्याला तीच एक वाट माहीत. अर्ध्यावर डेपोचे कुंपण आले. पहारेकऱ्याने आत सोडले नाही. तो मागे फिरला आणि रस्त्याला लागला. धोंडीबा सायकलवरून धावपट्टीवर पोचला तेव्हा तिथे कोणी नव्हते.

अंगणातली माणसे बाजूला झाली. त्र्यंबकने विचारले, "कवा?"

"भात उतरला तवा हुती," गंगुबाई म्हणाली.

तिन्हीसांजेच्या आत सगळे उरकले. लोक गेल्यावर बापलेक अंगणात बसले. माझ्यावर कोणी बसले नाही. त्र्यंबक जमिनीकडे बघत म्हणाला, "आबा, आसामातनं काल निघालो. सगळा देश वरनं आलो. आन् या पाच मैलांत आई गेली."

मग मारुतीने ते सांगितले. साहेबांनी दोनदा विचारले होते. तो दोनदा खोटे बोलला होता. "लाईन सरकारनं न्हाय उखडली रं. म्या उखडली, माझ्या तोंडानं."

त्र्यंबक उठला. मला वाटले तो निघून जाईल. तो आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि बापासमोर ठेवला. त्या दिवशी त्याला एवढेच जमले. तेराव्यानंतर तो आसामला गेला आणि पाच-सहा महिन्यांनी कुठे पत्र लिहू लागला.

त्र्यंबक गेला त्याच्या पाठोपाठ एके सकाळी मारुती धुतलेले धोतर नेसून रेल्वेच्या कचेरीत गेला. हे धोंडीबाने नंतर गंगुबाईला सांगितले, म्हणून मला कळले. मारुती तिथल्या कारकुनाला म्हणाला, मी ट्रॉलीवरून नेलेली माणसे लिहून घ्या. कारकून म्हणाला, बाबा, तो फाटा आता नाही, कसली माणसे? मारुती म्हणाला, "फाटा न्हाय. मानसं हुती." आणि उभ्या उभ्या सांगू लागला. कारकुनाने आधी टाळले, मग कोरा कागद घेतला. दुपारपर्यंत एकशे चौदा झाली. शेवटी मारुतीने मुलाचे नाव सांगितले, आणि ते तीन वेळा लिहायला लावले.

त्या कागदाचे पुढे काय झाले ते मला माहीत नाही. रूळ परत आले नाहीत. माळावर विमानेही आता क्वचित येतात.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा विमाने आजच्यापेक्षा मोठी असतील, आणि गावोगावी उतरतील. माणूस जमिनीला टेकला म्हणजे घरी पोचला असे समजू नका. विमानतळापासून गावापर्यंत त्याला रूळ द्या. आणि कधी एखादा साहेब वही घेऊन येईल आणि विचारेल, या वाटेने कोणी जाते का, तेव्हा हात जोडून खाली बघू नका. नियम मोडला असेल तरी सांगा. कोण आले, कोण गेले, कोणाची आई वाट बघत होती, सगळे सांगा. त्याला ते ठाऊक नसते. आणि आम्हाला बोलता येत नाही.