नवसाची शवपेटी

गेल्या नोव्हेंबरात माझं हृदय चार मिनिटं बंद पडलं. ते डॉक्टरांनी पुन्हा चालू केलं, असं डॉक्टरांचं म्हणणं. सासूबाईंचं म्हणणं वेगळं आहे. त्या स्पेनमधल्या गालिसियाच्या. तिकडे सांता मार्ता या संतिणीला नवस बोलतात: माणूस मरणाच्या दारातून परत आला, तर जत्रेच्या दिवशी त्याला उघड्या शवपेटीत झोपवायचं आणि घरच्यांनी खांदा देऊन मूर्तीमागून मिरवायचं.

"जिवंतपणी?" मी विचारलं.

"मेलेल्याचा कसला नवस?" माझी बायको इरिया म्हणाली.

जर्मनीत नेकारसुल्मजवळच्या आमच्या गावात गालिसियन मंडळींचं एक फेराइन, म्हणजे मंडळ, आहे. साठ वर्षांपूर्वी कारखान्यात कामाला आलेल्या लोकांनी काढलेलं. ते दर जुलैत ही जत्रा भरवतात. परवानगीच्या फॉर्मवर 'पेटीत काय असेल?' या रकान्यात माझा मेव्हणा ब्रायस याने 'इंजिनिअर' असं लिहिलं. परवानगी आली.

माझी हरकत नव्हती. नोव्हेंबरपासून मलाच शंका येत होती. ऑफिसचे आपोआप उघडणारे दरवाजे माझ्यासाठी उघडत नव्हते. सेन्सर बिघडला असेल. बसमध्ये दोनदा लोक थेट माझ्या मांडीवर बसायला आले. जर्मन लोक, म्हणजे चूक माझीच असणार. मी परत आलो होतो हे नक्की. पण सगळाच्या सगळा आलो का, हे कुणी तपासलं नव्हतं.

हरकत होती आईची. ती खास मला बघायला पुण्याहून आली होती.

"माझ्या धडधाकट हृषीला तिरडीवर चढवता? अहो विहीणबाई, नवस मीपण बोलले होते. पाच नारळ आणि खणानारळाची ओटी. कसा सुटसुटीत!"

सासूबाईंनी गालिसियनमध्ये उत्तर दिलं. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, त्यामुळे भांडण अगदी मुद्द्याला धरून झालं. शेवटी तडजोड निघाली. पेटी रिकामी न्यायची आणि मी तिला खांदा द्यायचा. सासूबाई नुसत्या मान हलवत राहिल्या. होकाराची नव्हे.

रविवारी भर दुपारी आम्ही चौघं पेटीपाशी उभे राहिलो. पुढे मी आणि माझा सहकारी प्रदीप, मागे ब्रायस आणि फेराइनचे म्हातारे सेक्रेटरी. पेटी पाइनची, बावीस किलोंची. सवयीने मी आधीच तिचं वजन करून ठेवलं होतं.

उचलली.

"काय रे, दगड भरलेत का?" प्रदीप म्हणाला.

भार कळायचं माझं शिक्षण झालेलं आहे, आणि खांद्यावर चौघांत मिळून शंभराच्या वर काहीतरी होतं. माझं वजन ब्याऐंशी. बेरीज मी केली नाही, ती होऊन गेली.

पुढे संतिणीची मूर्ती, बँड, मेणबत्त्या. बाजूने आई चालत होती, पदर खोचून, पहारा दिल्यासारखी. द्राक्षमळ्यांपाशी चढ लागला आणि सेक्रेटरींचे गुडघे वाकले. पेटी रस्त्यावर टेकवली. बँड थांबला. चौघं घामाघूम, पेटीत नुसती पांढरी चादर.

सासूबाई हळू आवाजात काहीतरी बोलल्या.

"ती म्हणते, आई," इरियाने तिच्या मोडक्या मराठीत सांगितलं, "नवसाची पेटी रिकामी नाही जात. ज्याची आहे, तो आत असतो."

आई तणतणत पुढे आली. पेटीत वाकली. आणि तशीच वाकलेली राहिली, बराच वेळ. मी तिच्या पाठीमागे उभा होतो, मला चादर दिसत होती. चादरीला मधोमध खळगा पडला होता.

"आई, काय झालं?"

तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. पेटीच्या कडेवर हात ठेवला आणि लहानपणी मला ज्या आवाजात शाळेसाठी उठवायची, त्या आवाजात पेटीला म्हणाली, "हृषी, सरक जरा."

मग माझा दंड धरला. "चल. झोप आत."

"आई, तूच तर म्हणालीस की—"

"झोप म्हणते ना!"

मी बूट काढून आत आडवा झालो. चादर उबदार होती. जुलैचं ऊन होतं, असेल. पण पाठीखाली ऊब होती ती नेमकी माझ्या मापाची, खांद्यापासून टाचांपर्यंत. माझ्या जागी ब्रायसचा एक मित्र आला.

"एक, दोन, तीन," प्रदीपने म्हटलं, आणि पेटी इतकी झपकन वर गेली की मी कडा धरल्या.

"अरे," प्रदीप खालून म्हणाला. "हलकी झाली."

कुणी हसलं नाही. बँड सुरू झाला. मला वर फक्त आकाश दिसत होतं आणि डाव्या कडेवर आईची चार बोटं. चर्चच्या दारात उतरवलं, मी उठून बसलो, उभा राहिलो. गुडघे कुरकुरले, पाय जमिनीत रुतल्यासारखे जड. ब्रायसने पेटी एकट्याने खांद्यावर टाकली आणि व्हॅनकडे निघाला.

आत काय दिसलं, ते आईने आजतागायत सांगितलेलं नाही. त्या दिवशी पायरीवर बसून तिने सासूबाईंना एवढंच विचारलं, "विहीणबाई, हे दरवर्षी करावं लागतं का हो?"

सासूबाईंना मराठी येत नाही. त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे अशा पाहत राहिल्या, जणू मी आत्ताच प्रवासातून आलो होतो.