सहा चपट्या सळया आणि खारट दही

मित्रांनो, टोचणे हा माझा स्वभाव नाही, ते माझे काम आहे. मी स्टेनलेस स्टीलची एक जुनी सळई. अंगाने चपटी, एका टोकाला अणकुचीदार, दुसऱ्या टोकाला धरण्यासाठी वळवलेला कान. कोंबडीचे तुकडे ओवायचे आणि निखाऱ्यावर धरायचे, एवढेच माझे आयुष्य. तुम्हाला ते छोटे वाटेल. पण आगीशेजारी बसून माणसे जशी दिसतात तशी ती दिवाणखान्यात दिसत नाहीत, म्हणून चार गोष्टी सांगायचा मला अधिकार आहे असे मी समजते.

माझा जन्म लेथवर झाला. लेथ म्हणजे धातूची कांडी गरगर फिरवून तासणारे यंत्र, आणि ते चालवणारा तो टर्नर. मला घडवणारे टर्नर ज्या घराचे बाबा होते त्याच घरात मी राहिले, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणते. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, उरलेल्या कांड्यांपासून त्यांनी आम्हा सहा बहिणींना तासले, घासले, लख्ख केले आणि जुन्या सदऱ्याच्या बाहीत गुंडाळून घरी आणले. तेव्हा आम्ही गोल होतो. लेथवर सगळे गोलच होते, आणि बाबांना आयुष्यात दुसरे काही करायची वेळ आली नव्हती.

आम्ही हव्या होतो आईला. आई घरीच शिवणकाम करायची. वरच्या मजल्यावर एक काका राहत, तीस वर्षे मालवाहू जहाजावर स्वयंपाकी असलेले. सगळे त्यांना जहाजवाले काका म्हणत. त्यांच्या कोटाला आईने नवे अस्तर लावून दिले, तेव्हा ते खूश होऊन म्हणाले, "पोरी, तुला एक चीज शिकवतो. ग्रीक बंदरात शिकलोय. सळईवरची कोंबडी, आणि बरोबर काकडी-लसणाचं घट्ट दही. घरी होतं सगळं. फक्त घाई नको."

पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. आईने कोंबडी मुरवली, ओवली, शेगडीवर ठेवली. एक बाजू भाजली म्हणून तिने मला उलटवले. मी उलटले, कोंबडी मात्र जागची हलली नाही! गुळगुळीत गोल अंगावरून मांस नुसते घसरत होते. मी फिरत होते आणि तुकडे आपले वजनदार पोट खाली करून तसेच लोंबत होते. एक बाजू कोळसा, दुसरी कच्ची.

"अहो," आई म्हणाली, "तुम्हाला गोल सोडून काही येतं का?"

बाबा उठले. आम्हाला उचलून परत कारखान्यात घेऊन गेले, भट्टीत लाल केले आणि ऐरणीवर हातोड्याने चपटे केले. ते त्यांचे काम नव्हते. माझ्या अंगावर अजून एक ठोका तिरका आहे. त्या दिवसापासून मात्र मी वळले की कोंबडी वळते. आईने पहिला नीट भाजलेला तुकडा बाबांच्या तोंडात घातला आणि म्हणाली, "जमलं." आईच्या तोंडून एवढे आले म्हणजे खूप झाले, हे बाबांना माहीत होते.

मित्रांनो, आईचे काम करणे बघण्यासारखे होते. मी कुणाची उगाच स्तुती करत नाही. कात्रीत हात बसलेल्या बाईने सुरी धरली की काय होते ते तिच्याकडे पाहावे. ती कोंबडीच्या मांडीचे बिनहाडाचे मांस घेई आणि गळ्यातली टेप बाजूला ठेवून दीड दीड इंचाचे तुकडे करी. मग टेपने मोजले तरी फरक निघत नसे. "एकसारखे कापले की एकाच वेळी शिजतात," ती म्हणे. लिंबाचा रस, ऑलिव्ह तेल, ठेचलेला लसूण, तळव्यावर चुरडलेला ओरेगॅनो, मीठ, मिरी. यात कोंबडी दोन तास मुरे. ओवताना ती तुकड्यांमध्ये सुतभर जागा सोडे, दाटीवाटी केली की मधला भाग कच्चा राहतो म्हणून.

आणि दही! ते आदल्या दिवशीच कापडात बांधून नळाला टांगलेले असे. कापडातले तिला कळत होते, त्यामुळे कुठल्या विणीतून पाणी जाईल आणि दही राहील हे तिने चार चिंध्यांतून गाळून पाहून ठरवले होते. काकडी किसायची, मीठ लावायचे, पिळायची, पुन्हा पिळायची. "पाणी राहिलं तर चटणी नाही, कढी होईल," असे ती दर वेळी म्हणे. मग त्यात लसूण, लिंबू, थोडे तेल आणि बारीक चिरलेला शेपू. शेपूचे नाव काढताच मुलगी नाक मुरडे आणि नंतर वाडगा बोटाने पुसून खाई.

मुलीचे नाव घरात कुणी घेत नसे. बाबा तिला भोंगा म्हणत. कारखान्यात सुट्टी झाल्याचे सांगतो तो भोंगा. तिला हळू बोलता येत नसे. शेजारच्या इमारतीतल्या लोकांनाही आमच्या घरी आज काय शिजले ते तिच्यामुळे कळे.

अशी दहा वर्षे गेली. माझे कौतुक झाले, मला लिंबाने घासले, कोरडे पुसून खुंटीला टांगले. मग एका थंडीत आई तापाने आजारी पडली. उठली तेव्हा तिची वासाची जाणीव गेली होती आणि चवही. डॉक्टर म्हणाले, येईल. महिना गेला, वर्ष गेले. आली नाही. आई भात-भाजी करी, पण चाखायला चमचा तोंडाशी नेई आणि तसाच खाली ठेवी. आमच्याकडे तर तिने पाहिलेच नाही. "जे मला कळतच नाही ते मी दुसऱ्याच्या ताटात कशी वाढू?" असे ती एकदा बाबांना म्हणाली. बाबांनी नुसता पाण्याचा पेला भरून तिच्यापुढे ठेवला. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

आमचे पुढचे हाल विचारू नका. आम्ही खणात गेलो. एका बहिणीला टोमॅटोच्या रोपाला आधार म्हणून कुंडीत खोचले. दुसरीने तुंबलेल्या मोरीत प्राण सोडला. ती वाकली आणि नळीतच राहिली. मी स्वतः कपाटाखालून गेलेले बटण ओढून काढण्याच्या कामी आले. जिने निखाऱ्यावर नाव कमावले तिने जळमटांत तोंड घालावे! पण ज्याचे जळते त्याला कळते. आईच्या दुःखापुढे माझे दुःख ते काय.

दोन वर्षांनी एका सकाळी जहाजवाले काका काठी टेकत खाली आले. त्यांचा मुलगा दूरच्या शहरात राहत होता, आणि आता गुडघ्यांनी पार दगा दिल्यामुळे ते कायमचे त्याच्याकडे निघाले होते.

"पुढच्या बुधवारी जातोय," ते म्हणाले. "रविवारी तुझ्या हातची सळईवरची कोंबडी खाऊ घाल. मग मी सुखाने जाईन."

"काका, मला चव नाही हो कळत."

"ते मला माहितीये. मी चव मागितली का? कोंबडी मागितली."

आई हसली नाही. शिकवणाऱ्यापुढेच पदार्थ बिघडला तर ती पुन्हा कधी शेगडीपुढे बसणार नाही, हे तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिले होते. तरी शनिवारी संध्याकाळी तिने खण उघडला, कुंडीतली बहीणही उपटून आणली. आम्हा पाच जणींना कोमट पाण्याने धुताना तिचा अंगठा माझ्या तिरक्या ठोक्यावर थांबला. मला रडू येत असते तर आले असते.

रविवारी तिने जे केले ते मी जन्मभर विसरणार नाही. जीभ नव्हती, तर तिने बाकी सगळे कामाला लावले. मीठ चमच्याने सपाट मोजले आणि कागदावर लिहून ठेवले. काकडी पिळून कानाशी नेऊन दाबली, थेंबाचा आवाज येतो का ते ऐकायला. दही चमच्यावर उलटे धरले, पडले नाही तेव्हा पुरे म्हणाली. निखाऱ्यावर हात धरून आकडे मोजले. कोंबडीतून तेलाचा पहिला थेंब निखाऱ्यावर पडून चुर्र झाला की सळई वळवायची, दुसऱ्या बाजूने तसाच आवाज आला की उतरवायची. मी आत होते मित्रांनो, मला माहीत आहे. मांस अगदी मधोमध शिजले होते आणि रस आतच होता. डोळ्यांनी आणि कानांनी इतके अचूक भाजलेले मी आधी कधी अनुभवले नव्हते.

गडबड झाली ती दह्यात, आणि ती तिने केली नाही. आई शेगडीपाशी सज्जात होती तेव्हा बाबा स्वयंपाकघरात शिरले. वाडग्यात तयार दही दिसले. त्यांना वाटले, काकडीला लावलेले मीठ तर पाण्याबरोबर पिळून गेले, आणि बिचारी चाखत नाही म्हणून दह्यात घालायचे विसरली असणार. तिला विचारावे तर तिचे मन दुखेल. कागद शेजारीच पडला होता. पण बाबांनी आयुष्यात जाडी मोजायचा मायक्रोमीटर सोडून दुसरे काही वाचलेले नव्हते. त्यांनी दोन चमचे मीठ घातले, ढवळले आणि मूग गिळून बाहेर येऊन बसले.

चौघे जेवायला बसले. काकांनी सळईवरून एक तुकडा काढला, दह्यात बुडवला, तोंडात घातला. त्यांच्या भुवया क्षणभर वर गेल्या आणि खाली आल्या.

"वा!" ते म्हणाले. "फर्स्ट क्लास."

बाबांनी घास घेतला आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. "छानच झालंय हं," ते पेल्यातूनच म्हणाले.

आई बघत होती. कपड्यांची मापे घेऊन घेऊन तिची नजर अशी झाली होती की कोण श्वास रोखून उभा आहे हे तिला लगेच कळे. इतक्या वर्षांत काकांनी एकही जेवण चूक काढल्याशिवाय संपवले नव्हते. आणि आज नुसते वा.

"काका, दही दुसऱ्यांदा का नाही घेतलंत?"

"अगं, पोट भरलं."

"दोन तुकड्यांत?"

आईने भोंग्याकडे पाहिले. मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. तिचे डोळे भरून आले होते, पण तिला हळू बोलता येत नव्हते आणि खोटे तर त्याहून येत नव्हते.

"आई, कोंबडी एक नंबर झालीये," ती म्हणाली, आणि ते खालच्या रस्त्यावरही ऐकू गेले असेल. "पण दही खारट आहे! इतकं खारट की जीभ आखडली माझी!"

बाबांनी मान खाली घातली. आई उठली, स्वयंपाकघरातून कागद घेऊन आली आणि टेबलावर ठेवला. "मी एक चमचा घातलाय. सपाट. इथे लिहिलंय."

"मी दोन घातले," बाबा म्हणाले. "मला वाटलं तू विसरलीस."

मला वाटले आता ही रडणार. पण आई तापली. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिला तापलेली पाहिले, आणि मला इतके बरे वाटले!

"माझी चव गेलीये, अक्कल नाही गेली! विचारायला तोंड नव्हतं तुम्हाला? आणि काका, तुम्ही? मला फर्स्ट क्लास म्हणता? मी काय आजारी माणूस आहे, येता-जाता डोक्यावरून हात फिरवायला?"

काकांनी दोन्ही हात जोडले. "चुकलो, पोरी. साफ चुकलो."

"मग उठा दोघं. अर्धं दही अजून कापडात बांधलेलं आहे, बिनमिठाचं. अहो, तुम्ही काकडी किसा. काका, लसूण ठेचा. भोंग्या, इकडे ये. आजपासून तू माझी जीभ."

दोघेही शाळकरी पोरांसारखे उठले. खारट दह्यात बिनमिठाचे दही मिसळले, नवी काकडी पिळून पडली. आई ढवळत होती, भोंगा चाखत होती. "अजून खारट. अजून. थोडं लिंबू. आता... थांब... हां, आता!" आईने चमचा वाडग्याच्या काठावर झटकून खाली ठेवला.

काकांनी पुन्हा तुकडा बुडवला. सावकाश चावला. डोळे मिटले.

"लसूण जास्त झालाय," ते म्हणाले.

"तुम्हीच ठेचलात!" आई म्हणाली आणि मोठ्याने हसली. मग काकांनी नऊ तुकडे खाल्ले आणि वाडगा पुसला. जाताना त्यांनी आमच्यातली एक बहीण मागून घेतली. ती आता त्यांच्या मुलाच्या घरी असते.

या गोष्टीला बरीच वर्षे झाली. भोंगा नोकरीसाठी परगावी गेली आणि चाखण्याचे काम बाबांकडे आले. बाबा म्हणजे साखरेचे पोते. प्रत्येक रविवारी त्यांचे एकच उत्तर, "मस्त." आई त्यांनी दही किती वेळा घेतले ते मोजी आणि स्वतःच अंदाज बांधी. तिची चव आजवर परत आलेली नाही. पण शेगडीचा एक रविवार तिने चुकवला नाही, आणि तिच्यासारखी कोंबडी दोन धड जिभा असलेल्यालाही भाजता येणार नाही, हे मी शपथेवर सांगते.

गेल्या रविवारी बाबांनी घास घेतला आणि चावायचे थांबले. सत्तरीचा माणूस, पण कान लाल झाले होते.

"अगं," ते म्हणाले, "आज लिंबू जास्त पडलंय. दात आंबले माझे."

आईने त्यांच्याकडे पाहिले. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "किती वर्षं लावलीत हो!"

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. माझे टोक बोथट आहे. मला पाण्यात भिजत टाकू नका. काम झाले की गरम असतानाच धुवा, कोरडी पुसा, आणि मोरीत तर कधीच घालू नका. वस्तूची काळजी एवढ्याने होते. माणसाची थोडी अवघड आहे. जो तुमच्यासाठी रांधतो त्याने विचारले की खरे सांगा. आणि सांगून झाले की उठा, आणि काकडी किसायला घ्या.