त्यातला आवाज

अल्ताफने स्टुलावर चढून टीव्हीमागे हात घातला आणि वायर ओढली. वायरीबरोबर कित्येक वर्षांची धूळ खाली आली, ती थेट काउंटरवर बसलेल्या बंडप्पांच्या डोक्यावर.

“अरं बाबा, माणूस बसलाय खाली.”

“माफ करा काका. कुठला टीव्ही हाय ह्यो?”

“मालकाच्या लग्नात आलेला. घरी नवा घेतला, ह्यो हिकडं आला.”

टीव्हीच काय, परमिट रूममध्ये बसवायच्या त्या कराओकेतलं काहीच नवं नव्हतं. ॲम्प्लिफायर कळंबच्या एका मोडलेल्या बँजो पार्टीचा, साउंड बॉक्स मंडपवाल्याकडचे, आणि दोन माइकपैकी एक मान वाकडी धरली तरच बोलायचा. मालक अमरसिंहाला थाट हवा होता आणि तो जुन्या बाजारात मिळावा अशीही त्याची इच्छा होती. हायवेवर थोडं पुढे असलेल्या बारने दिवाळीत कराओके लावलं आणि येरमाळ्याची निम्मी गिऱ्हाइकं गाण्याच्या हौसेने तिकडे पळाली. ज्यांना गाता येत नव्हतं ती गाणाऱ्यांना हसायला गेली. तेव्हा कुठे अमरसिंहाला जाग आली आणि त्याने कळंबहून अल्ताफला बोलावलं. मोबाइल दुरुस्ती, साउंड, कॅमेरे, म्हणाल ते अल्ताफ करायचा. मुख्य म्हणजे स्वस्तात करायचा.

बंडप्पा या परमिट रूमच्या काउंटरवर बारा वर्षं बसत होते. दारूला कधी शिवले नव्हते. सकाळी लिंगपूजा करून कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून यायचे आणि दिवसभर क्वार्टरची बिलं करायचे. “वर विभूती, खाली व्हिस्की,” अशी गिऱ्हाइकं थट्टा करायची. बंडप्पा हसायचे. थट्टेत खोटं काहीच नव्हतं.

खरी पंचाईत गाण्यांची झाली. सिनेमाची गाणी बिनआवाजाची आयती मिळत होती. पण इथल्या माणसाला दोन पेग पोटात गेल्यावर सिनेमा आठवत नाही, इथल्या देवीची, येडाईची गाणी आठवतात, वरातीतली आठवतात. ती बिनआवाजाची कोण करून ठेवणार? मग अल्ताफने मोबाइलमध्ये एक फुकटातलं ॲप घेतलं. त्यात गाणं टाकलं की ते त्याचे दोन भाग करून द्यायचं, एकात नुसता गाणारा आणि दुसऱ्यात नुसतं वाजप. वाजप ठेवायचं आणि गाणारा पुसून टाकायचा. मोबाइलमध्ये जागा नव्हती, म्हणून लगेच पुसायचा.

“येडाईच्या गाण्याचा आवाज काढला का रे?” अमरसिंह येता-जाता विचारायचा.

“काढला, शेठ.”

“अन् वरातीच्या?”

“त्याचाबी काढला.”

बंडप्पा कान देऊन ऐकत होते. एकदा गंमत म्हणून अल्ताफने नुसता गाणारा लावून दाखवला. संबळ नाही, ढोलकी नाही, एकटी बाई गात होती आणि दोन ओळींच्या मध्ये ती श्वास घेत होती तोसुद्धा ऐकू येत होता. बंडप्पांच्या हातातलं पेन होतं तिथेच राहिलं. समोरचं गिऱ्हाईक सुट्टे पैसे मागत होतं, त्याला त्यांनी दोनदा “काय?” म्हणून विचारलं.

बंडप्पांच्या बायकोला, गजराबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. एवढ्या गायल्या, पण त्यांचा म्हणून एकच आवाज मागे राहिला होता, भावकीतल्या एका बारशात म्हटलेला पाळणा. तोही धड नव्हता. पेटीवर बंडप्पा स्वतः होते आणि गाणं भरून घ्यायचं म्हणून त्यांनी आपला फोन पेटीवरच ठेवला होता. त्यामुळे पेटी कानात गर्जायची आणि गजराबाई शेजारच्या घरात गात असल्यासारख्या वाटायच्या. तो फोन कधीच बंद पडला. त्यातलं मेमरी कार्ड बंडप्पांनी देव्हाऱ्यात, विभूतीच्या डबीत ठेवलं होतं. लेकीने किती वेळा मागितलं, पण हरवेल या भीतीने त्यांनी ते तिच्याही हाती दिलं नाही.

आता त्या लेकीला, शिवप्रियाला मुलगी झाली होती. येत्या गुरुवारी लातूरला बारसं होतं. “मला सोनंनाणं काई नको अप्पा,” ती फोनवर म्हणाली होती. “पाळणा तेवढा आईचा पायजे.”

नवराबायकोने तीस वर्षं भजनात, बारशात, डोहाळजेवणात जोडीने हजेरी लावली होती. त्या गायच्या, हे वाजवायचे. घरी आल्यावर बंडप्पा पायही न धुता त्यांना सांगायला बसायचे की आज कुठे ताल सोडलास, कुठली ओळ उगाच लांबवलीस. गजराबाई भाकरी थापत ऐकून घ्यायच्या. कधी उलट बोलल्या नाहीत, आणि बंडप्पांना वाटायचं, चूक कळते म्हणून गप्प आहे.

नुसता गाणारा ऐकला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डबी अल्ताफसमोर ठेवली.

“एक घरचं काम हाय. ह्याच्यात पाळणा हाय, आमच्या मंडळींनी म्हणलेला. त्यातला आवाज काढून देशील का?”

“देतो की. त्यात काय!” अल्ताफने कार्ड लावून थोडं ऐकलं.

“पेटी लई मोठी हाय बघ,” बंडप्पा ओशाळून म्हणाले. “माझीच हाय ती.”

“उलट ब्येस हाय, काका. पेटी मोठी म्हणजे काम सोपं.”

“आवाज नीट निघंल न्हवं?”

“पुरा निघंल. बारशाला पायजे म्हणता?”

“नातीचं हाय.”

“मग तर मन लावून करतो. कार्ड राहू द्या दोन दिवस.”

बंडप्पांनी डबी परत खिशात घातली आणि कार्ड त्याच्याकडे राहू दिलं. देव्हारा सोडून ते पहिल्यांदाच कुणाच्या हाती गेलं होतं. पण त्या दिवशी त्यांनी दोन बिलं चुकवली ती काळजीने नाही, आनंदाने.

शनिवारी संध्याकाळी उद्घाटन होतं. दुपारी, गिऱ्हाईक यायच्या आधी, अल्ताफने सगळं जोडून पाहिलं. टीव्हीवर अक्षरं आली, बॉक्स घुमले, वाकड्या मानेचा माइकसुद्धा बोलला. अमरसिंह दारात उभा राहून रंगीत दिव्यांची माळ लावून घेत होता.

“काका, हिकडं या,” अल्ताफ म्हणाला. “पयला मान तुमचा. पाळणा ऐका मोठ्या बॉक्सवर.”

बंडप्पांनी टोपी काढून हातात घेतली. बारा वर्षांत पहिल्यांदाच ते काउंटर सोडून गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले. सकाळीच त्यांनी लेकीला सांगितलं होतं, आज तुला आईचा आवाज ऐकवतो, संध्याकाळी फोन कर.

पेटी सुरू झाली. बायकांच्या टाळ्या सुरू झाल्या. पहिली ओळ यायची जागा आली आणि तशीच निघून गेली. येईल, मशीनचं काही असेल, म्हणून बंडप्पा थांबले. दुसऱ्या ओळीची जागाही रिकामीच गेली. अल्ताफने हसत त्यांच्यापुढे माइक धरला.

“घ्या. म्हणा आता.”

“काय म्हणू?”

“पाळणा! बारशात तुमीच म्हणणार न्हवं?”

“म्या कशाला म्हणू? ती कुठं हाय?”

“कोण?”

“अरं, आवाज! म्या तुला आवाज काढून दे म्हणलो हुतो!”

“काढला की, काका,” अल्ताफ म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा उतरला. माइक धरलेला हात खाली आला. एकच शब्द दोघांनी घेतला होता आणि दोघं दोन गावांना गेले होते.

“कार्ड दे माझं,” बंडप्पा म्हणाले. “मूळचं हाय ना त्यात? ते दे.”

अल्ताफने ॲम्प्लिफायरकडे पाहिलं. कार्ड त्यातच होतं.

“शेठ म्हणले, नवा पेन ड्राइव्ह कशाला आणायचा, काकांचं कार्ड हाय की. ते मशीन घेईना, म्हणून कोरं केलं अन् गाणी भरली. मला वाटलं, तुमचं काम झालंय. पाळणा तर काढून घेतलाच हाय.”

“तुझ्या मोबाइलात आसंल.”

“सगळ्यांचे पुसतो, तसाच…” त्याने हातातला माइक टेबलावर ठेवला. “काका, निघाला हुता. एकदम स्वच्छ निघाला हुता बाईंचा आवाज. खुदा की कसम, म्या सोता ऐकला.”

ते ऐकून बंडप्पांच्या डोक्यात आग उठली. जे ते दोन वर्षं मागत होते ते या पोराच्या हातात येऊन गेलं होतं, आणि त्याने ते बोटाने पुसलं होतं. त्यांनी हात उगारला. आयुष्यात कुणावर उगारला नव्हता, म्हणून तो नेमका कुठे मारायचा हेही त्यांना कळेना. अल्ताफ मान खाली घालून तसाच उभा राहिला, मागे सरला नाही.

गाणं बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. दारातून अमरसिंहाचा आवाज आला.

“हे कुठलं लावलंस रे? चाल ब्येस हाय. वाजवणारा मात्र कच्चा दिसतोय, सारखा मागं पडायलाय.”

बंडप्पांचा हात खाली आला.

“पुन्हा लाव,” ते म्हणाले.

अल्ताफने सुरुवातीपासून लावलं. या वेळी बंडप्पांनी गजराबाईंची वाट पाहिली नाही. पेटी ऐकली. बायकांच्या टाळ्या घड्याळासारख्या एकसारख्या पडत होत्या, आणि पेटी प्रत्येक कडव्याच्या शेवटी पट्टी शोधत अडखळत होती, एक टाळी मागे राहत होती, मग धावत जाऊन टाळ्यांना गाठत होती. एकदा नाही, प्रत्येक कडव्याला. आणि नेमक्या त्याच जागी गजराबाई ओळ लांबवत असत, हे बंडप्पांना पाठ होतं. कारण त्याच जागेवरून ते तीस वर्षं त्यांना बोलत आले होते.

ती ताल सोडत नव्हती. ती यांच्यासाठी थांबत होती. आणि घरी येऊन यांचंच ऐकून घेत होती.

काय झालं ते अमरसिंहाला कळलं तेव्हा तो खरोखर हळहळला. तो काही वाईट माणूस नव्हता. “कार्डात आसलं काय हाय ते मला काय ठाऊक, बंडप्पा,” तो म्हणाला. मग जरा वेळाने, काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, “दुसऱ्या कुठल्या बाईकडून म्हणून घ्या की. पेटी तर हायच तयार.”

संध्याकाळी शिवप्रियाचा फोन आला तेव्हा बंडप्पा मागच्या दाराने बाहेर गेले. तिथे बाटल्यांचे क्रेट रचलेले होते. हायवेवरून ट्रक जात होते, म्हणून त्यांनी एक कान हाताने झाकला.

“अप्पा, झालं का? आला का आईचा आवाज?”

“न्हाय आला, बाळा.”

त्यांनी सगळं सांगितलं. अल्ताफला दोष दिला नाही, तसंच काही लपवलंही नाही. पलीकडे तान्ही रडत होती आणि कुणीतरी तिला थोपटत होतं.

“सगळाच गेला?”

“पेटी राहिलीय,” बंडप्पा म्हणाले. मग त्यांच्या मनात एक विचार आला, आणि बुडत्या माणसाने धरावा तसा त्यांनी तो धरला. “तूच म्हण की तिच्यावर. आईचा पाळणा लेकीनं म्हणावा. म्या गुरवारी पेटी घेऊनच येतो. तू म्हणशील तसं वाजवीन. तुझ्या मागं मागं वाजवीन.”

“मला येत न्हाय, अप्पा.”

“आसं कसं? जन्मभर ऐकलास की.”

“ऐकलं. पण आई शिकवायला बसली की तुमी म्हणायचात, ताल सोडणारी एक हाय घरात, दुसरी नको. मग तिनं शिकवायचं सोडून दिलं.”

ती रागाने म्हणाली नाही. बोलता बोलता आठवलं तसं सांगितलं.

बंडप्पांना आपण असं म्हटल्याचं आठवेना. त्यांनी खूप आठवून पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की रोज म्हटलेलं वाक्य असं वेगळं आठवत नसतं.

“अप्पा? आहात न्हवं?”

“हाय,” ते म्हणाले. “बोल तू. म्या ऐकायलोय.”